दहा की पंधरा

त्या स्टुडिओत फोटो काढायला गेलं की काउंटरवर पहिला प्रश्न नावाचा नसे. "दहा की पंधरा?" असं विचारलं जाई. नवखं माणूस बावचळून जाई. जुनी गिऱ्हाइकं मात्र इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून "पंधरा" म्हणत आणि मुकाट्याने स्टुलावर जाऊन बसत. चेहऱ्यावरून किती वर्षं कमी करायची, असा तो प्रश्न होता. पावतीच्या कोपऱ्यात तो आकडा पडे, आणि आतल्या पडद्यामागे बसलेली बाई मोजून तेवढी वर्षं उतरवून देई.

या बाईला सगळे इस्त्रीबाई म्हणत. तिच्या तोंडावरही म्हणत, आणि तिला ते आवडे. लग्न झालं तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. नवरा फोटोग्राफर. पहिल्याच महिन्यात त्याने तिला एका तिरक्या डेस्कापुढे बसवलं. डेस्कात दुधी काच, काचेखालून उजेड आणि काचेवर निगेटिव्ह. निगेटिव्हमध्ये जग उलटं असतं, केस पांढरे, दात काळे, आणि सुरकुती म्हणजे नुसती एक फिकट रेघ. पेन्सिलीचं टोक काचकागदावर घासून सुईसारखं करायचं आणि ती रेघ हलक्या हाताने भरून काढायची. कागदावर फोटो उमटतो तेव्हा सुरकुती तिथे नसते. नवऱ्याने हे तिला एका दुपारी शिकवलं आणि आठवड्याभरात ती त्याच्या पुढे गेली. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिली डब्यात गेल्या, पण हात तोच राहिला.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि नवरा आठ दिवसांच्या तापात गेला. छत्तीस वर्षांचा होता. घरात उरल्या दोघी, ती आणि तिची नणंद. नणंदेला ती वन्सं म्हणे. वन्संचं लग्न झालेलं नव्हतं. आपल्या तोडीचा कोणी भेटलाच नाही असं त्या सांगत, आणि जे दोन-तीन जण भेटले होते ते बहुधा सुटलो म्हणत असावेत. भाऊ गेल्याच्या पंधराव्या दिवशी वन्संनी कॅमेरा उचलला आणि स्टुडिओचं दार उघडलं. तेव्हापासून चौतीस वर्षं वन्सं बाहेर कॅमेऱ्यामागे आणि इस्त्रीबाई आत पडद्यामागे, अशी त्या घराची घडी बसली होती. खाली स्टुडिओ, वर दोन खोल्या.

या चौतीस वर्षांत दोघींनी मिळून गावातल्या एकाही माणसाला म्हातारं होऊ दिलं नाही. शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापिकेचे दोन फोटो शेजारी लागलेत, एक रुजू झाल्याचा आणि एक निवृत्तीचा, आणि पाहुण्यांना वाटतं की नोकरीने बाईंची प्रकृती सुधारली. एक वकील यायचे. त्यांना गालावरच्या सुरकुत्या नको असत, पण कपाळावरच्या हव्या असत, पक्षकाराला त्या बघून धीर येतो म्हणे. एका गृहस्थाने लग्न जमवायला स्वतःचा फोटो परगावी पाठवला, पंधरावाला. मुलीकडची माणसं त्याला घ्यायला बस स्टँडवर आली आणि दोनदा त्याच्या समोरून गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी फोटो त्याच्याच पुढे धरला आणि हा माणूस उतरताना पाहिलात का म्हणून विचारलं. त्यानेही फोटो नीट पाहिला आणि नाही म्हणाला. बावीस वर्षांच्या एका मुलीने दहा मागितले तेव्हा मात्र वन्संनी तिला हाकललं. मग दप्तर घेऊन ये, म्हणाल्या.

स्वतः वन्संचा आकडा वीस होता. त्यांना फोटो लागायचा तो ओळखपत्रापुरता, दहा वर्षांतून एकदा, आणि त्याचीही मूळ प्रत त्या आधी स्वतःच्या हाताने पुसून मगच इस्त्रीबाईकडे सरकवायच्या. कॅमेऱ्यामागे उभं राहणारं माणूस म्हातारं होत नाही, हे त्यांचं ठाम मत. केस काळेभोर, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, आणि घरात चहाला बसल्या तरी खिडकीकडे पाठ करून. उजेड गिऱ्हाइकांसाठी असतो, म्हणायच्या. इतकी वर्षं एका छपराखाली राहूनही इस्त्रीबाईने वन्संचा चेहरा उजेडात नीट असा पाहिलाच नव्हता. वयाचं विचारलं की साठी जवळ आलीय म्हणत. साठी जवळ होती हे खरं, पण ती मागच्या बाजूला, सात वर्षांवर.

एका सकाळी वरचा फ्रिज बंद पडला आणि दुरुस्तीवाला आला. गडी गप्पिष्ट. फ्रिजची पाठ उघडून, हात पुसत तो बाहेरच्या खोलीत आला आणि भिंतीवरच्या फोटोपुढे थांबला. फोटो इस्त्रीबाईच्या नवऱ्याचा. पांढरा शर्ट, मानेची जरा तिरकी ठेवण, ओठांच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू.

"चिरंजीव का?" त्याने विचारलं.

आता इथे कोणीही सरळ उत्तर दिलं असतं. इस्त्रीबाईच्या अंगात मात्र लहानपणापासून एक खोड होती, समोरच्याने चूक केली की ती दुरुस्त न करता पुढे ढकलून बघायची.

"हो," ती म्हणाली.

काय करतात, असं त्याने विचारलं. फोटोग्राफर आहे, बाहेर असतो, तिने सांगितलं. आईला भेटायला येतो का, तर नाही हो, कामच तसं आहे. दुरुस्तीवाल्याला वाईट वाटलं. आजकालची मुलं अशीच, तो म्हणाला, आणि जाता जाता फोटोकडे परत एकदा निरखून बघत त्याने सांगून टाकलं की नाक अगदी तुमच्यावर गेलंय.

दार लावून इस्त्रीबाई इतकी हसली की तिला खाली जाऊन वन्संना हे सांगताना दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. वन्संही हसल्या. "नाक तुझ्यावर," असं म्हणत दिवसभर हसल्या. संध्याकाळी कप विसळताना मात्र इस्त्रीबाईला एकदम तोंडात मारल्यासारखं झालं. त्या माणसाची काय चूक होती? त्याला जे दिसलं ते तो बोलला. ती पासष्टची आणि भिंतीवरचा छत्तीसचा. उद्या आपला फोटो तिथे शेजारी लागला तर येणारा-जाणारा हेच म्हणणार, मुलगा आधी गेला बिचारीचा. तिला बाकी काही नको होतं, मोठी चौकट नको, चंदनाचा हार नको. त्याच्या शेजारी आपण त्याची बायको दिसलो पाहिजे, एवढंच तिला हवं होतं.

मग जे हातात होतं ते तिने केलं. दुसऱ्या दिवशी स्टुलावर जाऊन बसली आणि वन्संना म्हणाली, काढा. वन्संनी सवयीने विचारलं, दहा की पंधरा? चौतीस, ती म्हणाली. वन्संनी कॅमेऱ्याआडून मान बाहेर काढून तिच्याकडे बघितलं, पण फोटो काढला.

चौतीस वर्षं उतरवायला तिला पाऊण तास लागला. मानेच्या वळ्या गेल्या, डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्या, गाल वर उचलले, केस काळे झाले. काम सफाईचं झालं होतं. तिने प्रत काढून वन्संपुढे ठेवली.

"कोण ही?" वन्सं म्हणाल्या.

मीच, तिने सांगितलं. वन्संनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, आणि त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. "हिला मी ओळखत नाही. दादाच्या शेजारी मी हिला बसू देणार नाही."

इस्त्रीबाईला राग आला नाही, कारण तिलाही तेच दिसत होतं. सोललेल्या अंड्याला डोळे काढावेत तशी ती बाई दिसत होती. मग वन्संनीच उपाय सुचवला, लग्नाच्या वेळचा खरा फोटो आहे ना, तो लाव. इस्त्रीबाईने थोडा विचार केला आणि मान हलवली. तो लावला तर लोकांना वाटेल मीही तेव्हाच गेले, ती म्हणाली. मग चौतीस वर्षं तुमच्याशी भांडत हा गाडा ओढला कोणी? वन्संनी तो अंड्यासारखा फोटो पालथा घालून ठेवला.

ती रात्र अशीच गेली आणि सकाळी दात घासताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला मागे जाता येत नाही ना, मग तो पुढे येऊ दे. आयुष्यभर गावाच्या सुरकुत्या काढल्या, आता एका माणसाला घालायच्या. त्याला सत्तर वर्षांचा करायचा.

भिंतीवरच्या फोटोची निगेटिव्ह पत्र्याच्या पेटीत होती, कागदाच्या पाकिटात. दुपारी स्टुडिओ बंद असताना तिने जुना डेस्क उघडला, दुधी काचेखाली दिवा लावला आणि निगेटिव्ह वर ठेवली. ठेवताक्षणी ती पुढे वाकली. डाव्या डोळ्याच्या कडेला पेन्सिल दिसत होती. तिची स्वतःची पेन्सिल. तिला आठवलं, हा फोटो दर्शनी काचेत लावायला काढला होता, आणि स्टुडिओच्या मालकाचा चेहरा कसा स्वच्छ हवा म्हणून तिने हौसेने त्याला इस्त्री केली होती. त्यानंतर तीन महिन्यांनी तो गेला, आणि भिंतीवर लागला तो हाच. म्हणजे चौतीस वर्षं ती ज्या चेहऱ्याशी बोलत होती, तोही तिनेच गुळगुळीत केलेला होता. गावाला फसवता फसवता तिने स्वतःच्या घरातलं माणूसही सोडलं नव्हतं. ती जागच्या जागी बसून रडली, आणि मग डोळे पुसून टर्पेंटाइनची बाटली शोधायला उठली.

कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून तिने त्या जागेवरून दोनदा फिरवला. पेन्सिल सुटून कापसावर आली. खाली दोन बारीक रेघा होत्या, फक्त डाव्या डोळ्याच्या कडेला. उजवीकडे काहीच नाही. तिला कारण लगेच कळलं. हा माणूस उजवा डोळा कॅमेऱ्याला लावायचा आणि डावा मिटून घ्यायचा, दिवसातून शंभर वेळा. मिटून मिटून तिथे कातड्याला घडी पडायला लागली होती.

आता पुढचं कोडं. या दोन रेघा चौतीस वर्षांत कुठवर गेल्या असत्या? गालावर उतरल्या असत्या की कानाकडे वळल्या असत्या? हनुवटी एकच राहिली असती का? या चेहऱ्याची हाडं असलेलं, असंच कॅमेऱ्याला डोळा लावून म्हातारं झालेलं माणूस जगात एकच होतं, आणि ते खिडकीकडे पाठ करून चहा पीत होतं.

सरळ विचारलं असतं तर वन्सं आठ दिवस बोलल्या नसत्या. इस्त्रीबाईने सरळ विचारलं नाही. दोन दिवसांनी ती म्हणाली की नव्या दिव्याची सावली गिऱ्हाइकांच्या नाकाखाली पडतेय, मिशी असल्यासारखी, आणि मला ती पुसत बसावी लागतेय. तुम्ही जरा स्टुलावर बसा, मी दिवा बघते. फोटो काढणार नाही, कॅमेऱ्यावर फडकं टाकलंय. वन्संनी फडकं आहे ना हे स्वतः उठून पाहिलं आणि मगच बसल्या.

इस्त्रीबाईने समोर फळी उभी केली होती. फळीवर नवऱ्याची मोठी प्रत, धुतलेल्या निगेटिव्हवरून मुद्दाम फिकी छापलेली, खरबरीत कागदावर, म्हणजे पेन्सिल धरेल. वन्संना फळीची फक्त पाठ दिसत होती. हे काय, त्यांनी विचारलं. दिव्यांच्या जागा टिपून ठेवतेय, इस्त्रीबाई म्हणाली. हे बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. इतक्या वर्षांचा धंदाच तो होता.

तिने दिवा बाजूने आणला आणि वन्संचा चेहरा पहिल्यांदा उजेडात आला. काय नव्हतं तिथे? ओठांच्या कोपऱ्यांतून हनुवटीकडे उतरणाऱ्या दोन वाटा, भुवयांमध्ये गिऱ्हाइकांवर वैतागून पडलेली उभी खूण, मानेला सैल पडलेलं कातडं. इस्त्रीबाईचा हात आपोआप पुसायला निघाला आणि तिने त्याला उलटं फिरवलं. ती बघत होती आणि काढत होती. जरा वैतागा, ती म्हणाली, सावली बघायचीय. वन्संना त्यासाठी कष्ट पडले नाहीत. आता हसा. हसायला काय झालंय, वन्सं म्हणाल्या. मग इस्त्रीबाईने दादाचीच गोष्ट काढली, एका सावकाराचा सहकुटुंब फोटो घेताना तो मागे सरकत सरकत पाण्याच्या पिंपात बसला होता आणि पिंपातूनच म्हणाला होता, हलू नका, छान आलाय. वन्सं खो खो हसल्या, आणि सगळ्या वाटा एकदम उजळल्या.

"आता डावा डोळा मिटा. फोटो काढताना मिटता तसा."

वन्संनी डोळा मिटला. कडेला घड्या पडल्या, दोन नाही, सहा, पंख्यासारख्या पसरून कानापर्यंत गेलेल्या. त्याच्या दोन रेघांना जिथे जायचं होतं तो सगळा रस्ता तिथे होता. इस्त्रीबाई भान विसरून काढत राहिली. वन्संनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग एवढा वेळ कसला दिवा बघतेयस म्हणत उठल्या आणि फळीच्या या बाजूला आल्या.

आता फळी जाते जमिनीवर, इस्त्रीबाईला वाटलं, आणि पाठोपाठ मी.

फळीवर सत्तर वर्षांचा एक म्हातारा मान जरा तिरकी करून, ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून वन्संकडे बघत होता. केस कपाळावरून मागे सरकलेले, हनुवटी दीड, डाव्या डोळ्याच्या कडेला सहा घड्या. वन्संनी त्या घड्यांवरून बोट फिरवलं. मग तेच बोट स्वतःच्या डोळ्याच्या कडेला नेलं.

"दादा असा झाला असता," त्या म्हणाल्या.

"हो."

"हे माझं आहे सगळं. चोरलंस तू."

"विचारलं असतं तर दिलं असतंत का?"

नसतं दिलं, वन्सं म्हणाल्या. त्या पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या, दिव्याच्या पुढ्यातच, आणि बराच वेळ भावाकडे बघत राहिल्या. चौतीस वर्षं त्या मोठ्या भावाला मोठा भाऊ म्हणत होत्या आणि तो त्यांच्या निम्म्या वयाचा होऊन बसला होता, हे त्यांनाही सलत असणार, फक्त त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. शेवटी त्यांनी कॅमेऱ्यावरचं फडकं काढायला सांगितलं. माझाही एक काढून ठेव, म्हणाल्या, त्याच भिंतीवर लागेल. इस्त्रीबाईने पावती पुढे ओढली आणि सवयीने विचारलं, वीस?

"शून्य," वन्सं म्हणाल्या. "त्याची बहीण दिसायला नको मी?"

इस्त्रीबाईने शून्य लिहिलं. तिला तो आकडा नीट दिसत नव्हता, डोळे भरले होते. ती कॅमेऱ्यामागे गेली तेव्हा वन्संनी हात वर केला.

"थांब. तीन कर. मी त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आहे, तेवढं तरी दिसलं पाहिजे."

तेवढ्या तुम्ही आहातच लहान, वेगळं कशाला करायचं, हे इस्त्रीबाईने त्यांना परोपरीने समजावून पाहिलं. वन्सं ऐकेनात. पावतीवर तीन पडले. आणि इस्त्रीबाईने, पडद्याआड गेल्यावर, एकही वर्ष काढलं नाही. वन्संनी तयार फोटो बघितला आणि बघ, तीनने किती फरक पडतो, असं म्हणाल्या. इस्त्रीबाईने हो म्हटलं.

मग तिने स्वतःचाही काढून घेतला, जसा होता तसा. म्हाताऱ्याच्या चित्राचा फोटो घेतला, तिन्ही एका मापात छापले आणि भिंतीवर लावले, मधे तो, एका बाजूला बायको, एका बाजूला बहीण. जुना फोटो तिने कपाटात ठेवला. पहिले काही दिवस तिला म्हाताऱ्याशी बोलताना लाजल्यासारखं होई, ओळख नवी होती. खाली काउंटरवर दहा की पंधरा चालूच राहिलं, कारण गावाला काही भिंतीवर कोणाच्या शेजारी शोभायचं नव्हतं.

चार महिन्यांनी फ्रिज पुन्हा बंद पडला आणि तोच दुरुस्तीवाला आला. हात पुसत बाहेरच्या खोलीत आला आणि भिंतीपुढे थांबला.

"हे तुमचे मिस्टर?"

"हो," इस्त्रीबाई म्हणाली, आणि या वेळी तिला पुढे काही ढकलावंसं वाटलं नाही.

छान जोडा आहे, तो म्हणाला. मग त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"आणि इथे मुलाचा फोटो होता ना?"

इस्त्रीबाईने भिंतीकडे बघितलं. सत्तर वर्षांचा तो हसू दाबून तिच्याकडेच बघत होता.

"मोठा झाला तो," ती म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने मान डोलावली आणि टॉर्च मागितला.